लग्नाच्या फोटोग्राफीत पूर्णवेळ उतरावं का? (धंद्याचं बोला, कॅमेऱ्याचं नको)

कुपवाडकर

नमस्कार मंडळी,

कुपवाड एमआयडीसीत एका कारखान्यात क्वालिटीला आहे. शनिवार-रविवार आणि उरलेल्या रजा घालून गेली काही वर्षं मिरजेतल्या एका स्टुडिओवाल्या दादांबरोबर सेकंड शूटर (जोडीचा दुसरा फोटोग्राफर) म्हणून जातोय. आधी ट्रॅडिशनल (विधींचे आणि पाहुण्यांना उभं करून घेतलेले फोटो) करायचो, आता बहुतेक कँडिड (नकळत टिपलेले). स्वतःच्या नावावरही ऑर्डरी येऊ लागल्यात, पण सगळ्या ओळखीतल्या. मार्चअखेर नोकरी सोडून पूर्णवेळ उतरायचं म्हणतोय. बायको तयार आहे, वडील नाहीत.

आमच्याकडे हळद आणि लग्न मिळून दोन दिवसांचं पॅकेज ८० हजारांच्या आसपास चाललंय. फोटो, व्हिडिओ, सिनेमॅटिक, ड्रोन, अल्बम, सगळं त्यातच. हा दर परवडतो का? मागची बाकी कशी वसूल करता? ड्रोन विकत घ्यावा की भाड्याने आणावा? सध्या सोनी ए७ थ्री, ३५ आणि ८५ च्या लेन्स आणि दोन फ्लॅश आहेत.

कॅमेऱ्याचे धडे यूट्यूबवर पोत्याने आहेत, ते नकोत.

खटपट्या

सांगलीत राहून विचारताय होय? हळद घरचीच आहे, अर्धा धंदा तिथेच झाला की! (हलके घ्या.)

जुना_रोल

कराडला आमचा स्टुडिओ वडिलांच्या वेळेपासून आहे. रोलच्या काळात एका लग्नाला किती रोल घालायचे हे पार्टीबरोबर आधी ठरायचं. ३६ फोटो संपले की पुढचा रोल, म्हणजे पुढचा खर्च. तो डोळ्यांना दिसायचा. आता क्लिक फुकट वाटते, म्हणून पोरं दर चुकीचा काढतात.

तुझ्या ८० हजारांचाच हिशेब मांडू, आमच्या भागातल्या मजुरीने. ट्रॅडिशनल फोटोवाला दिवसाला ४ हजार, दोन दिवसांचे ८. ट्रॅडिशनल व्हिडिओवाला ५ प्रमाणे १०. सिनेमॅटिकचा मुलगा १० प्रमाणे २०. ड्रोन एक दिवस, ६. झाले ४४ हजार. बारा बाय छत्तीसचा अल्बम, बरा कागद आणि पेटीसकट ९ हजार. व्हिडिओ मिक्सिंग आणि टीझर ८. गाडी, पेट्रोल, पेन ड्राइव्ह, पोरांचा चहा-नाश्ता ३. एकूण ६४. तुझ्या हातात राहिले १६ हजार.

या १६ हजारांत तुझे कँडिडचे दोन दिवस, त्यानंतर फोटो निवडणं आणि कलर करेक्शनचे आठ-दहा दिवस, अल्बम डिझायनरच्या मागे लागणं आणि पार्टीचे फोन, सगळं आलं. कॅमेऱ्याची झीज तर अजून धरलेलीच नाही. सोनी ए७ थ्रीचं शटर साधारण २ लाख क्लिकचं सांगते. लग्नाला ४ हजार क्लिक मारल्यास तर ५० लग्नांत तिथे पोचलास. त्या दिवशी कॅमेरा बंद पडेल असं नाही, पण तो बदलायचे पैसे आजच्या दरात धरलेले पाहिजेत.

वडील नाही म्हणतायत ना, त्यांना हा कागद दाखवू नकोस.

खटपट्या

काका, पेट्रोल धरलंत पण मित्राच्या बहिणीचं लग्न धरायचं विसरलात. तिथे ८० चे ३५ होतात आणि वर "तू तर घरचाच" म्हणून जेवायला सगळ्यात शेवटी बसवतात.

निळी_सायकल

पुण्यात सात-आठ हंगाम झाले, सगळे पूर्णवेळ. जुना_रोल काकांचा हिशेब अगदी बरोबर. फक्त एक भर घालते. हा दर ठरवतं कोण? तर तारीख. तुळशीच्या लग्नानंतर मोठ्या मुहूर्ताच्या दिवशी चार-चार चौकश्या येतात, आणि मधल्या मंगळवारी कुत्रंही विचारत नाही. मी मुहूर्ताच्या तारखेला घासाघीस करत नाही. आडदिवसाच्या छोट्या समारंभाला खुशाल कमी घेते. सगळ्या ऑर्डरींना एकच पॅकेज लावलंत की चांगल्या तारखा स्वस्तात जातात आणि वाईट तारखा रिकाम्या राहतात.

आता बाकी. लग्नाच्या दिवशी पैसे मागायचेच नाहीत. मागितले तरी मिळत नाहीत, कारण पाकीट नवरीच्या काकांकडे असतं आणि काका स्टेशनवर पाहुणे आणायला गेलेले असतात. माझ्याकडे तारीख धरताना ३० टक्के. हळदीच्या आधी ५०, तेही आदल्या आठवड्यात खात्यावर. उरलेले २० टक्के अल्बम छापायला जाण्याआधी. अल्बम हातात दिल्यावर बाकी येत नाही, दादा. माझ्या पहिल्या दोन हंगामांच्या बाक्या अजून लोकांच्या टीव्हीखालच्या कपाटात आहेत.

जाता जाता, मी बाई आहे म्हटल्यावर मांडवात हमखास येणारा प्रश्न: "सर कधी येणार?" पण नवरी तयार होते त्या खोलीत मला कोणी अडवत नाही. नथ घालताना आईचा हात कसा थरथरतो, ते फोटो मला मिळतात. बाया कँडिडमध्ये चांगला धंदा करतात त्यामागे हे एक कारण आहे.

सौ_नवीन

ग्राहकाची बाजू कोणीतरी मांडायला हवी म्हणून लिहिते. आमचं लग्न होऊन वर्ष झालं, अल्बमचा पत्ता नाही. पैसे पूर्ण दिलेत. फोन केला की "डिझाइनला दिलाय". साताठ मिनिटांचा टीझर मात्र चौथ्या दिवशी इन्स्टाग्रामवर होता, त्यांच्या पेजवर, आम्हाला न विचारता! सासूबाईंनी तो शेजारणीच्या मोबाइलवर पाहिला. वरातीत नाचणारे सासरे स्लो मोशनमध्ये होते.

खटपट्या

सासरे स्लो मोशनमध्ये :D धागा वसूल.

निळी_सायकल

सौ_नवीन, एक विचारते, राग मानू नका. अल्बमसाठी फोटो निवडून दिलेत का?

सौ_नवीन

...अडीच हजार फोटोंतून दीडशे निवडायचे होते. माहेरचे म्हणतात आमचे कमी घेतलेत, सासरचे म्हणतात मामेसासऱ्यांचा एकही नाही. दिवाळीत बसणार आहोत.

जुना_रोल

घ्या! प्रत्येक स्टुडिओत अशा वीस पार्ट्या पडून असतात. म्हणूनच आम्ही लिहून घेतो: फोटो दिल्यापासून ६० दिवसांत निवड आली नाही तर निवड आम्ही करणार, आणि त्यानंतरच्या बदलाचे वेगळे पैसे. ते वाचल्यावर लोक रविवारी एकत्र बसून दोन तासांत मोकळे होतात. निवडीच्या याद्या दोन्ही घरांकडून वेगवेगळ्या मागव. एकच यादी मागितलीस तर भांडण त्यांचं आणि उशीर तुझा.

काळा_कोट

सौ_नवीन यांच्या इन्स्टाग्रामच्या मुद्द्यावर. बऱ्याच फोटोग्राफरांचा समज असतो की फोटो मी काढला म्हणजे हक्क माझा. अमेरिकन यूट्यूबरांचे व्हिडिओ पाहून हे होतं. आपल्याकडे कॉपीराइट कायदा १९५७ च्या कलम १७ प्रमाणे, पैसे देऊन कोणी फोटो काढून घेतला आणि वेगळा करार नसेल, तर त्या फोटोचा पहिला मालक काढून घेणारा असतो. म्हणजे पार्टी. तुम्हाला ते पोर्टफोलिओत, पेजवर, प्रदर्शनात वापरायचे असतील तर करारात एक वाक्य घाला आणि सही घ्या. नको म्हणणारी पार्टी असेल तर तो मान ठेवा.

टीझरवर सिनेमाचं गाणं लावणं हा आणखी वेगळा विषय. लग्नात आणि वरातीत गाणं वाजवायला कायद्यात सूट आहे, कलम ५२ मध्ये. त्याच गाण्यावर व्हिडिओ कापून पेजवर टाकायला ती सूट नाही. आवाज बंद झाला की मग धावपळ. वापराचा परवाना विकणाऱ्या संगीताच्या साइट आहेत, वर्गणी भरा आणि तो खर्च पॅकेजमध्ये धरा.

कुपवाडकर

बाप रे. आमच्याकडे करार हा प्रकारच नाही. व्हॉट्सअॅपवर "ठीक आहे दादा" आणि एक अंगठा.

काळा_कोट

अंगठाही पुरावा होतो. पण कशाला अंगठा दाखवला, ते लिहिलेलं नको का? कार्डच खराब झालं आणि फोटो गेले तर पार्टी ग्राहक आयोगात जाऊ शकते. पैसे घेऊन दिलेली सेवा आहे ही. जास्तीत जास्त किती रक्कम परत देणार ते कागदावर असलं म्हणजे सगळी सुटका होते असं नाही, पण बोलणी सुरू करायला आधार मिळतो.

तिरपा_ट्रायपॉड

कार्डाचा विषय निघालाच आहे तर. धागाकर्त्याने कॅमेऱ्याचं नको म्हटलंय, पण हे धंद्याचंच आहे. ए७ थ्रीला दोन कार्डं बसतात. दोन्हींवर एकाच वेळी लिहायला लावा, "भरलं की दुसरं" अशी सेटिंग ठेवू नका. दुसरी बॉडी (लेन्सशिवायचा कॅमेरा) जुन्या बाजारातून घेताना कॅननची पहिली ईओएस आर किंवा निकॉनची पहिली झेड ६ स्वस्तात दिसेल. दोन्हींत कार्डाची जागा एकच. ट्रॅव्हलसाठी ठीक, लग्नासाठी नको. तुमच्याकडे सोनीच्या लेन्स आहेत, दुसरी ए७ थ्रीच बघा. बॅटरीही त्याच चालतात.

हार्ड डिस्कचा खर्चही कोणी धरत नाही. फोर-केमध्ये १०० एमबीपीएसने शूट केलं की तासाला ४५ जीबी. दोन माणसं मिळून दोन दिवसांत दहा तास चालवलं की ४५० जीबी, आणि त्याच्या दोन प्रती, दोन वेगळ्या घरांत. पार्टी तीन वर्षांनी फोन करून "पेन ड्राइव्ह फॉरमॅट झाला" म्हणते. डेटा किती महिने सांभाळणार तेही करारात लिहा.

अजून एक. हॉलमध्ये एलईडीचा लखलखाट असतो आणि आपली वीज ५० हर्ट्झची. सायलेंट (इलेक्ट्रॉनिक) शटरवर भरवसा ठेवलात तर नवरीच्या शालूवर पट्टे येतात, आणि ते घरी जाऊन निघत नाहीत. व्हिडिओवाल्याला १/५० सेकंदाच्या शटरवर बांधून ठेवा.

पळी_पंचपात्र

मी कोल्हापुरात पौरोहित्य करतो. इथे फोटोग्राफर मंडळी जमली आहेत तर मनातलं बोलून घेतो.

मंगळसूत्र बांधून झाल्यावर "गुरुजी, परत एकदा, फ्लॅश लागला नाही" असं म्हणू नका. लाजाहोमाच्या वेळी होमाच्या आणि माझ्या मध्ये बसू नका, तूप अंगावर उडतं. माझा पंचा एकदा पेटता पेटता वाचलाय, कारण एक मुलगा ज्वाळांतून नवरदेवाचा चेहरा घेण्यासाठी पाठीमागे रेलला होता.

निळी_सायकल

गुरुजी, नमस्कार. तुमची तक्रार मान्य. आमचीही एक ऐका. काही गुरुजी अंतरपाट इतका चटकन काढतात की अक्षता पडायच्या आत कार्यक्रम संपतो!

पळी_पंचपात्र

ताई, त्याचं गणित सांगतो. शेवटी "तदेव लग्नं सुदिनं तदेव" सुरू झालं की समजा आता अंतरपाट निघणार. तोवर लोक हॉलभर मंगलाष्टका म्हणणाऱ्या आत्याबाईंचे फोटो काढत असतात. तुम्ही त्या शब्दाला जागेवर असा, मला तुमच्यासाठी थांबायची वेळ येणार नाही. आणि सकाळी पूजा मांडत असताना दोन मिनिटं येऊन विचारा: गुरुजी, क्रम काय आहे, कन्यादानाला कुठून उभं राहू? हाताच्या ओंजळीतून पडणारी पाण्याची धार हवी असते ना सगळ्यांना? मी ताम्हन थोडं पुढे घेतो, वरची समई बाजूला करतो. पण विचारणारा शंभरात एखादाच.

तिरपा_ट्रायपॉड

गुरुजींना +१. कानपिळी कधी होणार हेही विचारून ठेवा. नवरीचा भाऊ नेमका आपण लेन्स बदलताना कान पिळून जातो.

खटपट्या

भावाला दुसऱ्यांदा पिळायला लावलं तर नवरदेवाची हरकत असते, भावाची नसते.

जुना_रोल

गुरुजींनी फार कामाचं सांगितलं. दुसरा माणूस म्हणजे हॉलचा मॅनेजर. साडेसातला मेन स्विच कोण बंद करतो हे ज्याला ठाऊक असतं त्याच्याशी वाकडं नको. आणि गोरज मुहूर्त असेल तर बाहेरचा उजेड संपून आतले पिवळे दिवे लागायची वेळ तीच असते. जोडप्याचे फोटो आदल्या तासात काढून घे. मुहूर्तानंतर स्टेजवर रांग लागली की दोन तास तुला जागचं हलता येत नाही.

हिशेबाची_वही

धागा उशिरा पाहिला. दराचं बोलताय पण कराचं कोणी बोललंच नाही.

सेवा देणाऱ्याची वर्षाची उलाढाल २० लाखांच्या वर गेली की महाराष्ट्रात जीएसटी नोंदणी लागते. इथे बहुतेक जण फसतात, कारण ते नफा मोजतात. उलाढाल म्हणजे पार्टीकडून आलेली सगळी रक्कम. ८० हजारांच्या २५ ऑर्डरी झाल्या की २० लाख. जुना_रोल यांच्या हिशेबाने तुमच्या हातात त्यातले ४ लाख राहिले, पण कायद्याच्या नजरेत तुम्ही २० लाखवाले. नोंदणीनंतर नेहमीचा दर १८ टक्के, म्हणजे ८० हजारांचं बिल ९४,४०० होतं. लग्नघराला त्याचं क्रेडिट (भरलेल्या कराची वजावट) मिळत नाही, सगळा भार त्यांच्यावर, आणि ते शेजारच्या बिननोंदणीवाल्याकडे जातात. ५० लाखांपर्यंत कंपोझिशन (छोट्या धंद्यांसाठीची सोपी करयोजना) घेता येतं, ६ टक्के, पण तो कर पार्टीकडून वेगळा घेता येत नाही, खिशातून भरायचा.

म्हणून एकच माणूस सगळं पुरवतो त्या पॅकेजचा फेरविचार करा. अल्बमचं बिल पार्टीने थेट लॅबला द्यावं, ड्रोनवाल्याने स्वतःचं बिल द्यावं, असं खरोखर चालवता येत असेल तर तुमची उलाढाल तुमच्याच कामाची राहील. नुसतं कागदावर तोडू नका, ते अंगाशी येतं.

निळी_सायकल

मी दोन वर्षांपूर्वी हेच केलं. आता फक्त कँडिड आणि एक सिनेमॅटिकवाला घेते. ट्रॅडिशनलसाठी तिथल्याच गावच्या स्टुडिओचं नाव सुचवते. रक्कम कमी दिसते, पण मनस्तापही कमी.

जुना_रोल

हे पुण्यात चालतं, ताई. आमच्याकडे पार्टी म्हणते, "आम्हाला एकच माणूस पाहिजे, शिव्या द्यायला." चार ठिकाणी चार बिलं द्यायला कोणी तयार नाही. आणि ट्रॅडिशनलला कमी लेखू नका. आहेर देणाऱ्या प्रत्येकाचा फोटो नसेल तर अल्बम कितीही सुंदर असो, सासरची माणसं तो मिटून ठेवतात. मामेसासरे बघा वर.

निळी_सायकल

मामेसासऱ्यांपुढे हार मानली, काका.

उडता_पतंग

ड्रोनबद्दल. विकत घेऊ नका. ड्रोन नियम २०२१ प्रमाणे २५० ग्रॅमपर्यंतच्या नॅनो ड्रोनला रिमोट पायलटचं प्रमाणपत्र लागत नाही, त्याहून जड ड्रोन पैसे घेऊन उडवायला लागतं. ग्रीन झोनमध्ये (वेगळ्या परवानगीशिवाय उडवता येतं त्या भागात) जमिनीपासून ४०० फुटांपर्यंतच. फेब्रुवारी २०२२ पासून तयार परदेशी ड्रोनच्या आयातीवर बंदी आहे, त्यामुळे बिघडला की दुसरा मिळायची मारामार. शिवाय सणासुदीला, सभांच्या वेळी पोलिसांचे स्थानिक बंदी आदेश निघतात. ज्याच्याकडे प्रमाणपत्र आहे त्याला दिवसाच्या भाड्याने बोलवा, परवानगी त्याची जबाबदारी. आणि किल्ल्यावर प्री-वेडिंगचा मोह आवरा. पुरातत्त्व खात्याच्या परवानगीचा विषय आहेच, पण त्याआधी दुर्गप्रेमी पोरंच तुम्हाला खाली उतरवतील, आणि मी त्यांच्या बाजूने असेन.

सौ_नवीन

अवांतर: तुम्हा लोकांना लग्नात जेवायला खरंच शेवटी बसवतात? आमच्या लग्नात कोणी विचारलं होतं की नाही तेच आठवत नाही. आता वाईट वाटतंय.

तिरपा_ट्रायपॉड

करारात लिहितो मी: टीमच्या माणसांना मुहूर्तानंतर पहिल्या दोन पंगतींत आळीपाळीने जेवण. हसू नका, तेव्हाच नवरा-नवरी स्टेजवरून कपडे बदलायला गेलेले असतात, कामाचा खोळंबा होत नाही. चार वाजता मठ्ठा आणि गार जिलबी उरते, आणि रिसेप्शन रात्री अकरापर्यंत. उपाशी माणसाचा फोकस पण हलतो.

कुपवाडकर

सगळ्यांचे आभार. एवढं मिरजेच्या दादांनीही कधी सांगितलं नाही (त्यांचं काय जातंय म्हणा). दर आणि करार कळला, ड्रोन कटाप. मुख्य प्रश्न मात्र राहिला. मार्चअखेर नोकरी सोडू का?

पळी_पंचपात्र

तुम्ही पंचांग पाहिलंत का? २०२६ मध्ये ज्येष्ठ अधिक आहे, १७ मे ते १५ जून. अधिक मासात विवाह नाहीत. जावयाला अनारसे मिळतील, तुम्हाला ऑर्डर मिळणार नाही. त्यानंतर आषाढी एकादशीपर्यंतचे जेमतेम काही आठवडे, तेही पावसातले, आणि मग चातुर्मास. हल्ली काढीव मुहूर्तावर करतात काही जण, पण त्यावर घर चालत नाही.

जुना_रोल

गुरुजींनी उत्तरच देऊन टाकलं. सुट्टीतली लग्नं हाच आमचा निम्मा हंगाम, आणि यंदा तोच मधोमध कापला जाणार. मार्चला नोकरी सोडलीस तर एप्रिल आणि अर्धा मे काम, पुढे नोव्हेंबरपर्यंत बारशी आणि वाढदिवस. त्यापेक्षा यंदाचा उन्हाळा नोकरीत राहूनच कर. रजा साठवून ठेव, मुहूर्ताच्या तारखा घे. नोकरी सोडायची ती तुळशीच्या लग्नाच्या तोंडावर, हातात पुढच्या हंगामाच्या दहा-बारा ऑर्डरींची ३० टक्के रक्कम जमा असताना. ती खर्च करायची नाही, कारण ती ट्रॅडिशनलवाल्या पोरांची मजुरी आहे.

हिशेबाची_वही

अनुमोदन. आणि दुसऱ्या बॉडीसाठी कर्ज हवंच असेल तर नोकरीत असताना, पगाराची स्लिप हातात असताना अर्ज करा. नोकरी सुटल्यावर मुद्रा कर्ज आहे, त्यात ५० हजारांपर्यंतचं शिशू आणि ५ लाखांपर्यंतचं किशोर, पण बँक ऑर्डरींचा पुरावा मागते. म्हणजे परत तोच करार.

खटपट्या

आणि वडिलांना काय सांगायचं?

कुपवाडकर

वडिलांना "नोव्हेंबरपर्यंत थांबतोय" एवढंच सांगितलं. म्हणाले, "बघू, तोवर शहाणा होशील." काळा_कोट साहेब, कराराचा एखादा मराठी मसुदा असेल तर द्याल का? ६० दिवसांची अट, पेजवर टाकायची परवानगी आणि पंगतीचं कलम त्यात हवंच.

काळा_कोट

खासगी निरोप केला आहे. पंगतीचं कलम सातवं आहे. रकमांच्या जागा रिकाम्या सोडल्यात, त्या पार्टीसमोर भरा. आणि मुलाकडच्या की मुलीकडच्या, पैसे देणाऱ्याचीच सही घ्या, काकांची नको.